रोमाइस्ती लिहिलेला बाप

मिसेनुम बंदर, रोमी आरमाराचा तळ. स्वामी सम्राटाचं चौदावं वर्ष, मेसोरे महिना.

मिस्थेसकडून हेरोइसला, नाईलच्या मुलखात, करानिस गावी.

सगळ्यात आधी, तुम्ही दोघी खुशाल असाल अशी आशा करतो. इथल्या सेरापिसदेवापुढे मी रोज तुमच्या नावानं हात जोडतो. माझं बरं आहे. थोडा खोकला आहे, पण तो इथं वल्ह्यावरच्या प्रत्येकालाच असतो.

खजुरांची टोपली मिळाली. वरचा थर वाटेतच कोणीतरी फस्त केला होता, तळाचा माझ्या वाट्याला आला. त्या खजुरांना आपल्या घरातल्या धुराचा वास होता. म्हणून मी ते लगेच खाल्ले नाहीत, उशाशी ठेवले, तर झॉयलोसनं त्यातले चार चोरले. (चार नाही, दोन. लेखणी माझ्या हातात आहे, तेव्हा खरं तेच लिहिणार. – झॉयलोस)

चाकरी संपत आली, हेरोइस. आणखी दोन वर्षांनी सुटका. मग मला रोमी नागरिकत्वाचा ब्राँझचा पत्रा मिळेल आणि त्यावर माझं रोमी नाव कोरलेलं असेल, वॅलेरियस निगर. इथं सगळे त्याच नावानं हाक मारतात. मिस्थेस म्हणणारा एक झॉयलोस, तोही त्याला दारू हवी असेल तेव्हाच. इथं द्राक्षाची दारू पितात. आपल्या जवाच्या दारूचं नाव काढलं की हसतात मेले.

तामिस्था कशी आहे? अजून कबुतरांना घाबरते का? शेवटच्या रजेवरून परत जायच्या आदल्या दिवशी मी तिला खांद्यावर घेऊन कबुतरखान्याच्या भोकात हात घालायला लावला होता. चोच तिला बसली आणि रडलो मी. तू केवढी हसली होतीस! ते हसणं मला अजून ऐकू येतं. पण पोरीचा चेहरा आठवायला गेलं की चार वर्षांचाच आठवतो, पुढे सरकत नाही. तिला सांग, बापानं विचारलंय.

खुशाल राहा.

---

करानिस. स्वामी सम्राटाचं पंधरावं वर्ष, फाओफी महिना.

तामिस्थाकडून मिस्थेसला, माझ्या वडिलांना.

तुम्ही खुशाल असाल अशी आशा करते. इथल्या मगरदेवापुढे रोज तुमच्यासाठी हात जोडते.

बाबा, तुमचं पत्र आलं तेव्हा आई नव्हती. एपैफ महिन्यात, नदीला पाणी चढायच्या आधी, तिला ताप आला आणि त्यातच ती गेली. तुमचं पत्र मी तिच्या रिकाम्या बाजेपाशी बसून मोठ्यानं वाचलं. शेजारची तिसाता म्हणाली, "अगं, कोणाला वाचून दाखवतेस?" मी म्हटलं, ज्या बाईच्या नावानं आलंय तिला.

आणखी एक सांगायला हवं. गेली कित्येक वर्षं आईची पत्रं मीच लिहीत होते. तिनं मला अक्षरं शिकायला पाठवलं ते त्याचसाठी. म्हणायची, "नवराबायकोचं बोलणं गावच्या लेखनिकाच्या तोंडून कशाला जायला हवं?" तेव्हा मी तुमच्याशी खूप वर्षं बोलते आहे, फक्त आईच्या नावानं. 'तुझ्यावाचून अर्धी बाज रिकामी' हेसुद्धा मीच लिहिलं, मान खाली घालून.

कबुतरांना मी घाबरत नाही. गच्चीवरचा कबुतरखाना आता मीच सांभाळते.

मला मागणी आली आहे. मुलगा प्रिस्कोसचा, लोंगिनोस नावाचा. प्रिस्कोस तुमच्यासारखाच जुना शिपाई, सुटका होऊन रोमी नागरिक झालेला, आणि ते गावाला विसरू न देणारा. लोंगिनोस मला आवडतो. पण त्याचा बाप अडून बसला आहे. म्हणतो, "गावच्या नोंदीत हिच्या नावापुढे काय आहे? बिनबापाची! शिपायाच्या बायकोला कायदा बायको म्हणत नाही, मग पोरीला बाप कुठून येणार? मला नातवंडं रोमी हवीत. बापाकडून पाटी मागव, साक्षीदारांच्या शिक्क्यांची, रोमाइस्ती लिहिलेली." हा शब्द तो तोंडभर उच्चारतो. रोमाइस्ती, रोमी भाषेत. आपल्या ग्रीकमध्ये लिहिलेला बाप कचेरीत बाप धरत नाहीत म्हणे.

बाबा, पाटी पाठवा. आणि सुटका झाली की या. पहिली गोष्ट प्रिस्कोससाठी मागते आहे, दुसरी माझ्यासाठी.

---

मिसेनुम. पंधरावं वर्ष, फार्मुथी महिना.

मिस्थेसकडून तामिस्थाला, माझ्या मुलीला.

पोरी, तुझं पत्र हंगामातल्या शेवटच्या जहाजानं आलं आणि मग समुद्र बंद झाला. उत्तर द्यायला अख्खा हिवाळा थांबावं लागलं. झॉयलोसनं पत्र वाचून दाखवलं आणि उठून बाहेर निघून गेला. तो असा कधी जात नाही. मी तिथंच बसून राहिलो. मी खजूर उशाशी ठेवून बसलो होतो तेव्हा हेरोइस कधीच गेली होती, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. अजून नीट शिरलेलं नाही.

हिवाळाभर मी एकच काम केलं, अक्षरं शिकलो. या वयात! झॉयलोस मास्तर म्हणून फार वाईट आहे. "लेखणी आहे रेड्या, वल्हं नाही," असं सारखं ओरडायचा. पण शिकलो, कारण तुझी पाटी.

पाटी या पत्राबरोबर येते आहे, तेव्हा नीट ऐक. दोन फळ्या आहेत, आतून मेण लावलेल्या. आतल्या मेणावर कारकुनानं रोमाइस्ती लिहिलं आहे की आरमारातला शिपाई वॅलेरियस निगर सांगतो, हेरोइसच्या पोटी झालेली तामिस्था ही त्याची मुलगी. मग फळ्या मिटून दोरा आवळलाय आणि त्यावर सात साक्षीदारांचे शिक्के आहेत. तोच मजकूर बाहेर शाईनं पुन्हा उतरवलाय, म्हणजे न उघडता कोणालाही वाचता येईल. दोरा तोडायचा नाही. दोरा तुटला की पाटी मेली, मग ती चुलीत घालायच्या लायकीची. कधी कोणी वाद घातलाच तर कचेरीत साक्षीदारांसमोर उघडतील, एरवी नाही.

आत सगळ्यात खाली शिपायानं आपल्या हातानं लिहावं लागतं, येत असेल त्या भाषेत. मी ग्रीकमध्ये लिहिलं. जन्मात पहिल्यांदा. ते बाहेर उतरवलेलं नाही. काय लिहिलं ते विचारू नकोस.

आता माझी काळजी मिटली. तुला बाप आहे, सरकारी.

ता. क. – त्या एका ओळीला अख्खी दुपार लागली. साक्षीदार मधे दारू पिऊन आले, परत गेले, पुन्हा आले. शेवटचा शिक्का जरा वाकडा आहे, तो त्यामुळे. – झॉयलोस

---

करानिस. पंधरावं वर्ष, पाउनी महिना.

तामिस्थाकडून वडिलांना.

पाटी सुखरूप आली. उंटवाल्यानं ती लसणाच्या पोत्यात खोचून आणली, त्यामुळे माझ्या बापाला अजून लसणाचा वास येतो आहे.

सगळी गल्ली गोळा झाली. तिसातानं आधी हात धुतले आणि मग पाटीला हात लावला. प्रिस्कोस पाटी घेऊन उन्हात उभा राहिला आणि मोठ्यानं वाचायला लागला. बाबा, तो रोमाइस्ती बोलतो ते ऐकायला भारी वाटतं, छाती पुढे काढून, सैन्यात हुकूम देतात तसं. पण एवढीशी ओळ आणि तो बराच वेळ बोलत होता. मधेच लोंगिनोस हळूच म्हणाला, "बाबांना बोलता येतं. वाचता येतं की नाही, ते आईलाही कधी कळलं नाही." मला हसू आवरेना. शेवटी प्रिस्कोसनं सातही शिक्के बोटानं मोजले आणि म्हणाला, "शिक्के खरे आहेत. पोरगी आपली." लग्न नदीचं पाणी उतरल्यावर करायचं ठरलं.

सगळे गेल्यावर मी पाटी कानाशी हलवून पाहिली. वेडेपणाच. आत तुमच्या हातची ओळ आहे आणि ती माझ्या हातात असून मला दिसत नाही. तुम्ही सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं. बापाचा आवाज आठवत नाही, चेहरा आठवत नाही. आठवतात ते दोन खांदे आणि खूप उंचावरून दिसलेलं गाव.

पत्र मी पुन्हापुन्हा वाचलं. त्यात सगळं आहे, पण तुम्ही येण्याबद्दल एक अक्षर नाही. तिथं कोणी आहे का? असेल तर तसं लिहा, मी रागावणार नाही. थोडी रागावेन. पण कधी येणार ते सांगा.

---

मिसेनुम. पंधरावं वर्ष, मेसोरे महिना.

मिस्थेसकडून तामिस्थाला.

इथं कोणी नाही. तू असं विचारावंस याचं वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. हेरोइसही असंच विचारायची, की तेही तूच विचारत होतीस?

पण येऊन मी करू काय? सुटलेल्या माणसांना इथं टेकडीवर जमीन मिळते. ऊन आहे, द्राक्षं आहेत. हेरोइस असती तर गोष्ट वेगळी होती. माझी ग्रीक आता जहाजावरच्या आरोळ्यांत मिसळून गेली आहे. चार शब्द आपले आले की पाचवा रोमी येतो. गावातली पोरं हसतील. सांगायचं ते पाटीनं सांगितलं आहे, तेही सम्राटाच्या भाषेत. त्याहून मी येऊन जास्त काय बोलणार?

लग्न कर, सुखी राहा. नातवंडांची नावं कळव.

(खालच्या ओळी झॉयलोसच्या, रोमाइस्ती.)

पोरी, हा आता ग्रीक वाचायला लागला आहे आणि माझ्या खांद्यावरून डोकावतो. म्हणून हे रोमाइस्ती लिहितो, कोणाकडून तरी वाचून घे. त्याला जमीन नको आहे आणि द्राक्षंही नको आहेत. त्याच्या छातीचं खरं नाही, खोकल्यातून रक्त पडतं. वैद्य म्हणतो की उन्हात पडून राहिला तर काही वर्षं काढेल, समुद्रावर गेला तर नाही. पाटीची घाई होती ती त्याचमुळे. रोज नाईलच्या दिशेला तोंड करून जेवतो गाढव. तू बोलावलंस तर तो येईल. बोलावू नकोस.

---

करानिस. सोळावं वर्ष, थोथ महिना.

तामिस्थाकडून मिस्थेसला.

पत्र मिळालं. खालच्या रोमी ओळी प्रिस्कोसला दाखवल्या. त्यानं पत्र लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाला, "नेहमीचंच. शिपायांच्या शुभेच्छा असतात. देव घराण्याचं भलं करो, वगैरे." झॉयलोसकाकांना माझेही नमस्कार सांगा.

मग मी घरी आले, पाटी काढली आणि कांदे चिरायच्या सुरीनं दोरा कापला. चोरून नाही. भर दुपारी, अंगणात, तिसाता समोर डाळ निवडत बसली होती. ती किंचाळली. तिच्या किंचाळण्यानं प्रिस्कोस धावत आला आणि पाटी बघून मटकन खालीच बसला. "सात शिक्के!" म्हणाला. "अगं कार्टे, सात!" लग्न मोडलं म्हणून सांगून गेला. लोंगिनोस मात्र दाराशी बराच वेळ उभा होता.

तुमची ओळ वाचली. अक्षरं लहानमोठी आहेत, शेवटची दोन तर मेण संपून लाकडावर चढली आहेत. काही ठिकाणी इतका जोर दिला आहे की मेण खरवडून खालची फळी दिसते. 'मी मिस्थेस. ही माझी. मी हिला पाहिलंय.' एवढंच लिहिलं आहे. मी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि रडले, खूप रडले. मग मला राग आला.

जो माणूस आठवणीतसुद्धा समोर दिसत नाही त्याला अहो-जाहो करून मी आणखीच लांब ठेवलं. आता पुरे. आईला म्हणायचे तसं तुलाही 'तू'च म्हणणार.

तू मला पाहिलंस, बाबा. मी तुला पाहिलेलं नाही. तुझी पाटी घरात आली आणि मला कळलं की ती तुझ्याऐवजी आली आहे. ती कोनाड्यात ठेवून तू तिकडे निवांत द्राक्षं खाणार होतास. आता ती नुसतं लाकूड आहे. तू माझा बाप आहेस याचा पुरावा आता सगळ्या जगात एकच उरला आहे, आणि तो मिसेनुमच्या टेकडीवर बसला आहे. तो पाठव.

---

मिसेनुम. सोळावं वर्ष, हाथिर महिना.

पोरी. हे मी लिहितो. झॉयलोस नाही. दोरा तोडलास. बरं केलंस. सुटका मागितली. आजारी म्हणून लवकर देतात. समुद्र उघडला की पहिलं जहाज. कबुतरं ठेव. मिस्थेस.

---

करानिस. सोळावं वर्ष, हाथिर महिना.

तामिस्थाकडून वडिलांना. पत्र आधी कोणाच्याही हाती पडलं तर त्यानं ते धावत पोचवावं.

बाबा, येऊ नकोस.

लोंगिनोस काल आर्सिनोएहून आला. बापानं सांगितलेल्या शुभेच्छा त्याच्या मनाला पटत नव्हत्या, म्हणून माझ्याकडून तुझं पत्र मागून घेऊन तो शहरातल्या कारकुनाकडे गेला होता. कारकुनानं वाचून सांगितलं, लोंगिनोसनं ते घोकत इथपर्यंत आणलं आणि दारातच सगळं सांगून टाकलं. छाती, रक्त, वैद्य, सगळं.

मी तशीच प्रिस्कोसच्या घरी गेले. जे तोंडात आलं ते बोलले. तो भांडला नाही. हातातल्या भाकरीचे तुकडे करत राहिला. मग म्हणाला, "सगळे मला विचारतात. नाही म्हणायची सवयच राहिली नाही."

मागचं पत्र मी लिहिलं नाही असं समज. मला पुरावा नको. लग्न नको. गावानं मला बिनबापाची म्हणावं, जन्मभर म्हणावं, मी वळून बघणार नाही. तू तिकडे आहेस, उन्हात बसला आहेस, एवढं मला पुरे आहे. ते पुरे नाही, पण पुरवून घेईन. झॉयलोसकाका, हे त्याला वाचून दाखवा, आणि उठला तर धरून ठेवा. तुम्ही त्याच्यापेक्षा अंगानं मोठे आहात असं त्यानंच एकदा लिहिलं होतं.

---

मिसेनुम. सोळावं वर्ष, पाखोन महिना.

झॉयलोसकडून तामिस्थाला.

पोरी, तुझं 'येऊ नकोस' अलेक्झांड्रियात हिवाळाभर अडकलं होतं. आज पोचलं. निगर फार्मुथीतच निघाला, धान्य आणायला परत निघालेल्या पहिल्या जहाजानं. मी पत्र हातात घेऊन त्याच्या बाजेपाशी गेलो, सवयीनं. तिथं आता थ्रेसचा एक पोरगा झोपतो, त्यानं विचारलं काय हवंय.

धरून ठेवलं असतं ग मी. पण तुझं आधीचं पत्र मी त्याला वाचून दाखवलेलं नाही, त्यानं ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि स्वतः वाचलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत, मोठ्यानं, आणि 'तो पाठव' आलं तेव्हा इतका हसला की खोकल्याची उबळ आली. "हेरोइसची पोरगी," म्हणाला. "अगदी हेरोइसची." मी त्याला गेली वीस वर्षं ओळखतो. असा हसलेला पाहिला नव्हता.

मी त्याला अक्षरं शिकवली नसती तर बरं झालं असतं का? तूच सांग. मला ठरवता येत नाही. इथं आता ग्रीकमध्ये शिव्या द्यायला कोणी उरलेलं नाही. पोचला की कळव. पोचला नाही तरी कळव.

---

करानिस. स्वामी सम्राटाचं सतरावं वर्ष, थोथ महिना.

तामिस्थाकडून झॉयलोसकाकांना.

तुम्ही खुशाल असाल अशी आशा करते. तुमच्यासाठीही आता रोज हात जोडते, त्या सवयीत एक जागा मोकळी झाली म्हणून.

काका, तो पोचला. पाउनीच्या सुरुवातीला, कालव्याच्या नावेनं. अलेक्झांड्रियाहून निरोप आधीच आला होता, म्हणून आम्ही सगळे धक्क्यावर होतो. नावेतून एक वाळलेला माणूस उतरला आणि माझ्या अंगावरून पुढे निघून गेला. पुढे जाऊन गर्दीत खाली बघत फिरायला लागला, लहान पोरांच्या चेहऱ्यांकडे. तेव्हा मी ओळखलं. "बाबा," मी म्हटलं, "वर बघ." त्यानं वर बघितलं. मग म्हणाला, "केवढी झालीस ग," आणि पुढचं सगळं रोमाइस्ती बोलला, भराभरा, रडत. मला एक शब्द कळला नाही. त्याला ते मागाहून लक्षात आलं, तेव्हा इतका लाजला!

मी विचारलं, का आलास? म्हणाला, "तूच बोलावलंस." मी म्हटलं, नंतर नको म्हणून लिहिलं होतं. तर म्हणतो, "ते हाती आलं असतं तरी सांगितलं असतं, मला अजून नीट वाचता येत नाही."

दिवसभर तो कबुतरखान्याच्या सावलीत बसायचा. मी त्याला मसूर, मुळा, जवाची दारू, जे मागेल ते द्यायचे. एकदा मी आईच्या आवाजात त्याला हाक मारून दाखवली, गंमत म्हणून. तो हसला नाही. "पुन्हा मार," म्हणाला.

आर्सिनोएच्या कचेरीत गाढवावर बसून गेला. वाटेत दोनदा उतरवून निजवावं लागलं. तिथं उभा राहून त्यानं सगळं रोमाइस्ती सांगितलं, खणखणीत, कारकुनाला एकदाही पुन्हा विचारावं लागलं नाही. नवी पाटी झाली. पहिला शिक्का प्रिस्कोसनं मारला. कारकून म्हणाला, आता खाली तुमच्या हातानं लिहा. बाबा मला म्हणाला, "तिकडे तोंड कर." मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. लेखणीचा आवाज बराच वेळ येत होता, मधे थांबायचा, पुन्हा यायचा. मग फळ्या मिटल्या.

एपैफमध्ये ताप चढला. शेवटी शेवटी त्याची ग्रीक गेली, सगळं बोलणं रोमी झालं. काहीतरी विचारायचा, सारखं तेच, आणि आम्ही नुसते बघत बसायचो. काका, तो इतक्या लांबून आला आणि आपल्या घरात त्याचं बोलणं कोणाला कळत नव्हतं. मग प्रिस्कोस आला. हाका न मारता आला आणि बाजेशेजारी बसला. बाबानं विचारलं की तो उत्तर द्यायचा, रोमाइस्ती, हळू आवाजात. छाती पुढे काढून नाही. सगळी दुपार बसला, दुसऱ्या दिवशीही बसला. बाबा गेल्यावर मी विचारलं, काय विचारत होता? प्रिस्कोस म्हणाला, "किनारा दिसतो का, विचारत होता. मी म्हणायचो, लागला, वल्ही वर घ्या." प्रिस्कोसला त्या दोन्ही पाट्या वाचता यायच्या नाहीत, पण मी त्याला माफ केलं आहे.

लग्न झालं. गावच्या नोंदीत माझ्या नावापुढे आता बापाचं नाव आहे. मी ते बघायला दोनदा गेले.

परवा लोंगिनोसनं विचारलं, "आत काय लिहिलंय ते बघायचं नाही का तुला?" बघायचं आहे. कामं करताना मधेच हात थांबतो इतकं बघायचं आहे. पण पहिला दोरा मी तोडला तेव्हा तो तुटल्यावर निघून यायला माणूस होता. हा तोडला तर एक ओळ मिळेल, आणि मग त्याच्याकडून यायचं काहीच राहणार नाही. म्हणून पाटी तशीच कोनाड्यात ठेवली आहे. बाबाचं एक पत्र अजून यायचं आहे, असं मी धरून चालते.

खुशाल राहा, काका. खजूर पाठवते आहे. सगळे तुम्हीच खा.